वेशीवरची राखण

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. चार वर्षांपूर्वी एका पालकाने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे पुरते उत्तर त्या वेळी मला देता आले नव्हते. ते उत्तर या निमित्ताने मांडतो आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी संगणकावर काय लिहिणार, असे काही माजी विद्यार्थ्यांना वाटेल. परंतु हा प्रश्न संगणकाइतकाच आपल्या इतिहासाचाही आहे.

ते पालक लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूस एका बंगल्यावर वॉचमन आहेत. मूळ गाव पवन मावळात. बंगल्याचे मालक मुंबईचे, ते शनिवार-रविवारी येणार. उरलेले पाच दिवस आणि सात रात्री फाटक यांच्या स्वाधीन. पत्नी चिक्कीच्या दुकानात पॅकिंगचे काम करते. त्यांची मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिली. २०१७ साली ती आपल्याकडून दहावी झाली आणि २०१९ साली तिने लोणावळ्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाला असताना तिने सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात जायचे ठरविले. त्यानंतर एका पावसाळी रविवारी हे पालक छत्री मिटत माझ्या दारात उभे राहिले.

"सर, मी पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या फाटकावर बसलो," ते म्हणाले. "पोरीनं तरी फाटक सोडावं म्हणून तिला तुमच्याकडं घातली. आता ती म्हणती, बाबा, मी सिक्युरिटीत जाणार. एवढं शिकून परत राखणच करायची का?"

मी हसलो नाही. 'सिक्युरिटी' या एका शब्दामुळे झालेला हा गैरसमज आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण त्या प्रश्नाच्या मागे किती पिढ्या उभ्या होत्या, हे मला ठाऊक होते.

गावगाड्यात आपल्या पूर्वजांकडे जी कामे होती, त्यांत राखण हे मोठे काम होते. वेशीजवळ येसकर असे. रात्री वेस लावणे, सकाळी उघडणे, गावात कोण आले आणि कोण गेले याची खबर पाटलाला देणे, चोराचा माग काढणे, सरकारी वसूल तालुक्याला पोहोचविणे, शिवेचा तंटा झाला तर शीव कुठून कुठे जाते हे सांगणे, ही सारी कामे त्याची. गडांच्या घेऱ्यातही रामोशी, महार, मांग, कोळी यांचे पहारे असत. म्हणजे ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच भरवशावर गाव आत निजत होते. मोबदला काय? बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर.

या व्यवस्थेला वतन असे भारदस्त नाव होते. १८७४ च्या वतन कायद्याने ती पक्की केली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील असतो, तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला वेठीस धरले जाते आणि एवढ्या कामाचा मोबदला मात्र कवडीमोल असतो, हे त्यांनी तेथे सविस्तर मांडले. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

म्हणून त्या पित्याचा प्रश्न मला अडाणी वाटला नाही. जन्माने गळ्यात पडलेली राखण सोडविण्यासाठी आपण शिकलो आणि शिकून पुन्हा राखणीलाच जायचे? मी त्यांना एवढेच म्हणालो, "भाऊ, पोरीला तिचं काम काय आहे ते मला नीट सांगू दे. मग आपण बोलू." त्यानंतर दोन वर्षे मी त्या मुलीकडून शिकत राहिलो. शिक्षकाला असे दिवस लाभतात, हे त्याचे भाग्य.

पहिल्या दोन वर्षांत ती कंटाळली होती. गणित, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स एवढेच चालले होते, त्यातही बराच काळ करोनामुळे वर्ग मोबाईलवर. "सर, सुरक्षेचं नावसुद्धा नाही," ती म्हणाली. मी तिला लोहगडाची आठवण दिली. सहावीत असताना आपल्या सहलीत ती गडावर आली होती. ज्याला गडाच्या वाटा, टाकी, चोरदरवाजे आणि तटाचा कच्चा भाग ठाऊक नाही, तो पहारा काय देणार? आधी गड पाठ व्हायला हवा. पुढे तिला हे पटले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि 'कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड सिक्युरिटी' हे विषय आले, तेव्हा पहिल्या दोन वर्षांच्या पायाचा उपयोग तिला कळला. शेवटच्या वर्षाला तिने 'सायबर सिक्युरिटी अँड डिजिटल फॉरेन्सिक्स' हा ऐच्छिक विषय घेतला.

या विषयांत नेमके काय शिकवितात, हे पालकांना समजावे म्हणून थोडे सांगतो. संगणकाला हजारो दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक दारातून एकेक काम चालते. फायरवॉल म्हणजे त्या दारांवरचा नियमांचा पहारा. नियम वरून खाली वाचले जातात आणि शेवटचा नियम असा असतो, की ज्याला वर परवानगी दिलेली नाही, त्या साऱ्याला मनाई. प्रयोगशाळेत मुले वायरशार्क नावाच्या साधनाने तारेतून जाणारी माहिती तुकड्या-तुकड्याने उघडून पाहतात. एनमॅपने कोणते दार उघडे आहे ते तपासतात. गुप्तलेखनाचे गणित शिकतात. आणि नोंदी वाचायला शिकतात. कोण, किती वाजता, कोठून आत आला, काय उघडले, कधी गेला, याची प्रत्येक यंत्रात नोंद होत असते. तिला लॉग म्हणतात.

हे ऐकताना मला तिच्या वडिलांची बंगल्यावरची वही आठवली. गाडीचा नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबही आठवले. धेनुकाकटच्या उपासकांनी दिलेल्या दानाची नोंद त्या खांबांवर दात्यांच्या नावानिशी कोरलेली आहे. म्हणून दोन हजार वर्षांनंतर आपण सांगू शकतो, की हे लेणे एका राजाच्या मर्जीने उभे राहिलेले नसून त्याला व्यापारी, कारागीर आणि यवनांसह नाना प्रकारच्या लोकांचा हात लागला आहे. त्याच लेण्यातील एका लेखात आपल्या मावळाचे 'मामाल' हे जुने नाव आले आहे. नोंद असली तर सत्य सांगता येते. नोंदच नसली तर ज्याचा आवाज मोठा, त्याचे खरे ठरते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

डिजिटल फॉरेन्सिक्सने तर मला माझाच विषय नव्या वेषात भेटल्यासारखे वाटले. गुन्ह्यातील संगणक हाती आला, की मूळ डिस्कला हात लावायचा नाही. तिची हुबेहूब प्रत काढायची. मूळ आणि प्रत या दोन्हींचे गणिताने काढलेले ठसे, ज्यांना हॅश म्हणतात, जुळवून पाहायचे. एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. ती डिस्क कोणाकडून कोणाकडे, कधी गेली, याची लेखी साखळी ठेवायची. नववीच्या वर्गात साधनांची चिकित्सा शिकविताना मी हेच तर सांगत आलो आहे: कागद मूळ की नक्कल, कोणाच्या दप्तरातून आला, मध्ये कोणी त्यात भर घातली का? तिच्या मुलाखतीत पुराव्याच्या विश्वासार्हतेवर प्रश्न आला. तेव्हा तिने आधी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले आणि मग बखर आणि अस्सल कागद यांतला फरक सांगितला. हे तिने मला फोनवर सांगितले, त्या दिवशी मी वर्गात जरा ताठ मानेने गेलो, हे कबूल करतो.

आता या विद्येचे मोल काय, हे पुण्यातल्याच एका घटनेवरून सांगतो. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम-यंत्रणेत घातक प्रणाली घुसविण्यात आली होती. एटीएममधून पैसे मागितले, की ती मागणी बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाऊन खात्यात पैसे आहेत की नाहीत हे तपासले जाते. हल्लेखोरांनी या वाटेवर स्वतःचा एक खोटा स्विच उभा केला. मागणी खऱ्या यंत्रणेपर्यंत जातच नव्हती. खोटा स्विचच परस्पर 'द्या' म्हणत होता. काही तासांत २८ देशांतून बारा हजारांवर व्यवहारांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

मावळच्या माणसाला हे समजायला संगणक लागत नाही. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड लढाईविना त्यांच्या हाती आला. लोहगडाचे दरवाजे एकामागून एक, किती मजबूत, हे आपण सारे पाहून आलो आहोत. पण शेजारचा उंच विसापूर शत्रूच्या हाती गेल्यावर त्या दरवाजांचा उपयोग उरला नाही. कॉसमॉसमध्येही तिजोरी फोडली गेली नव्हती, तिच्या शेजारची वाट हातची गेली होती. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे ठेवले जात, असे सभासद सांगतो. हेतू हा, की एकटा कोणी गड शत्रूला देऊ नये. आजच्या सुरक्षाशास्त्रात हेच तत्त्व पहिल्या काही धड्यांत येते: मोठा व्यवहार मागणारा आणि तो मंजूर करणारा, हे एकच असता कामा नयेत.

या प्रकरणाची दुसरी बाजू मी दरवर्षी दहावीच्या मुलांना मुद्दाम सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभे राहून पैसे काढण्यासाठी वापरली गेलेली माणसे तुरुंगात जातात, आणि समुद्रापलीकडे बसून दोर हलविणारे हाती लागतीलच असे नसते. 'फक्त तुझं खातं वापरू दे, तुला दहा टक्के देतो' असे म्हणणारा उद्या आपल्याही मुलांना भेटणार आहे.

येथे शीलाचा प्रश्न येतो. आणि या क्षेत्रात तो जितका रोकडा आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोठे असेल. कुलूप कसे उघडते हे ज्याला शिकविले, त्याच्या हाती चोरीचीही विद्या आली. बाबासाहेबांनी विद्येच्या बरोबरीने शीलाचा आग्रह का धरला, याचा पडताळा मला एका विद्यार्थ्याने दिला.

तो आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. दुसऱ्या एका गावातील महाविद्यालयात तो शिकत होता. त्याच्या लक्षात आले, की निकालाच्या पानाच्या पत्त्यातील आपला क्रमांक बदलला, की दुसऱ्याची गुणपत्रिका उघडते. त्याने दोन-तीन उघडून पाहिल्या. मित्रांना कळले. एकाने विचारले, "गुण बदलताही येतील का?" त्या रात्री तो झोपला नाही. सकाळी त्याने मला फोन केला. "सर, मी काही बदललं नाही. पण मला जमेल असं वाटतंय. काय करू?"

मी त्याला दुसऱ्या शिलाची आठवण दिली. आपण रोज सकाळी वंदनेत ते म्हणत होतो. न दिलेले घेणार नाही. 'चोरी करणार नाही' याहून हे शब्द अधिक नेमके आहेत. दार उघडे सापडले म्हणून आतली वस्तू कोणी आपल्याला दिली, असे होत नाही. इतरांच्या गुणपत्रिका त्याला कोणी दिल्या नव्हत्या, म्हणून त्या नुसत्या पाहणेही त्याच्या वाट्याचे नव्हते. त्यानंतर मी आपल्या त्या मुलीला फोन लावून दिला. तिने त्याला कायदा सांगितला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकयंत्रणेत शिरले तर भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या तासाला हेच सांगितलं," ती म्हणाली. "आधी लेखी परवानगी, मग तपासणी. आणि तपासणी करायची ती आपल्याच यंत्रावर."

त्याने विभागप्रमुखांना लेखी कळविले. शाबासकी मिळाली नाही. तू आत शिरलासच कशाला, म्हणून तासभर उभे करून बोल लावले. पालकांना बोलावले. तो रडत माझ्याकडे आला. पंधरा दिवसांनी ते दार मुकाट्याने बंद करण्यात आले. त्याचे आभार कोणी मानले नाहीत. खरे बोलून त्याने काय मिळविले, हे मी त्याला त्या वेळी सांगू शकलो नाही. मात्र पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याने ही हकिकत स्वतःची चूक न लपविता सांगितली आणि तो निवडला गेला. निवड झाली नसती, तरी त्याने केले ते योग्यच होते, एवढे मी त्याला तेव्हा ठामपणे सांगायला हवे होते. ते राहून गेले, म्हणून येथे लिहितो.

महाविद्यालयातील अभ्यासाने नोकरीची सारी तयारी होते का? नाही, आणि हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. शेवटच्या वर्षात आपली मुलगी चार मुलाखतींत नापास झाली. व्याख्या तिला पाठ होत्या. पण समोर हजार ओळींचा लॉग टाकून 'यात खोट कुठे आहे?' असे विचारले, तेव्हा ती गोंधळली. अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतो, हल्ल्यांच्या तऱ्हा मात्र दर महिन्याला बदलतात. परीक्षेत प्रश्नाला एक उत्तर असते. कामावर शंभर इशाऱ्यांपैकी बहुतेक खोटे निघतात आणि खरा एक त्यांत लपलेला असतो. शिवाय अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो. पाहिले ते, पाहिले त्या क्रमाने, अंदाज आणि पुरावा वेगळे ठेवून लिहिणे, हे आपल्या मुलांना फार जड जाते. याला भाषेपेक्षाही सरावाचा अभाव कारणीभूत आहे.

तिने मग जुना लॅपटॉप मिळवून त्यावर काली लिनक्स बसविले, घरातच दोन आभासी यंत्रांचे छोटे जाळे उभारले आणि एका यंत्राने दुसऱ्यावर हल्ला करून नोंदी वाचायचा सराव केला. रोज एक पानाचा अहवाल लिहिला. तो मी तपासत असे. मला त्यातले तंत्र कळत नसे, पण 'हे तुला कशावरून कळले?' असा शेरा मी समासात लिहू शकत होतो. सहा महिन्यांनी ते शेरे कमी झाले.

पुढच्या वाटाही अनेक आहेत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा माहिती-यंत्रणा आणि सुरक्षा या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षण योजनांची चौकशी वेळेत करावी. खासगी प्रमाणपत्रांची फी मात्र हजारांत आणि काहींची लाखात जाते. कर्ज काढून प्रमाणपत्रांच्या मागे धावण्याआधी पाया पक्का करावा, असे या क्षेत्रातले आपले माजी विद्यार्थी एकमुखाने सांगतात. कामे मिळतात, कारण आता ती कायद्यानेच करावी लागतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा काढला. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तो कळवावा लागतो. सहा तासांत कळवायचे, तर रात्री तीन वाजताही कोणीतरी जागे असले पाहिजे.

ते जागे असणे २०२३ पासून आपल्या मुलीकडे आहे. हिंजवडीतील एका कंपनीच्या सुरक्षा-नियंत्रण केंद्रात ती पहिल्या पातळीची विश्लेषक म्हणून लागली. पाळ्यांचे काम. पहिल्या महिन्यात तिच्या हातून एक खरा इशारा खोटा समजून बंद झाला. वरिष्ठाने तो वेळीच पकडला म्हणून नुकसान टळले. ती दोन दिवस जेवली नाही. घरी आली तेव्हा वडिलांनी तिला जे सांगितले, ते तिने मला जसेच्या तसे ऐकविले: "कुत्रं रोजच भुंकतं. मांजराला भुंकतं, वाऱ्याला भुंकतं. म्हणून वहीत लिहायचं, कधी भुंकलं आणि कुठं बघून भुंकलं. आठ दिवसांनी कळतं, कुठलं भुंकणं येगळं हाय." तिने दुसऱ्या दिवसापासून बंद केलेल्या प्रत्येक इशाऱ्याची स्वतःची वेगळी वही ठेवली. आता नव्याने रुजू होणाऱ्यांना तीच ती पद्धत शिकविते.

अंगुत्तर निकायातील नगरोपम सुत्तात भगवान बुद्धांनी सीमेवरच्या नगराची उपमा दिली आहे. त्या नगराच्या वेशीवर शहाणा, जाणता द्वारपाल असतो. अनोळख्यास तो अडवितो आणि ओळखीच्यास आत सोडतो. तथागतांनी या द्वारपालाला स्मृतीची, म्हणजे जागृत भानाची उपमा दिली. ज्या कामाला धम्माने एवढे उंच स्थान दिले, ते करणाऱ्यालाच आपल्या गावगाड्याने वेशीबाहेर टाकले. दोष राखणीत कधीच नव्हता. ती जन्माने लादली होती, तिला मोल नव्हते, ती सोडण्याची मुभा नव्हती आणि जे राखायचे त्यात राखणाऱ्याचा वाटा नव्हता, दोष यात होता.

गेल्या वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला हे बाप-लेक मला भेटले. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची तेथे प्रतिष्ठापना केली, म्हणून आपण सारे तेथे जातो. मी त्यांना मागच्या प्रश्नाची आठवण करून दिली आणि वरील गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, ते समदं खरं. पण मी येगळ्याच गोष्टीनं गप झालो. पोरीला बरं नव्हतं, तर ती फोन करून म्हणाली, आज मी येत नाही. आणि पलीकडनं म्हणाले, बरं, आराम करा. आमच्यात असं कधी कुणी म्हणलं नव्हतं." १९२८ साली विधिमंडळात बाबासाहेब जे मागत होते, ते या माणसाने एका वाक्यात सांगितले होते.

शेवटी एक घरचा अनुभव. गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या आईला बँकेच्या नावाने फोन आला आणि बोलता बोलता तिच्या खात्यातून एकोणचाळीस हजार रुपये गेले. धुणीभांडी करून साठविलेले पैसे. लाजेने तिने दोन तास कोणालाच सांगितले नाही. आपल्या मुलीला कळताच तिने १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली. काही रक्कम वाटेत गोठविली गेली, बाकीची गेलीच. त्या दोन तासांत कळविले असते तर अधिक वाचले असते. तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी ती आपल्या विद्यालयाच्या सभागृहात माता-पालकांचा वर्ग घेते. त्यात पहिला धडा संगणकाचा नसतो. फसलो तर लाजायचे नाही, तत्काळ सांगायचे, हा तो धडा. त्या वर्गाला तिचे वडील सर्वांत मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. सवयीने, असे ते म्हणतात.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की बदललेले पण चालू स्थितीतील लॅपटॉप विद्यालयाकडे द्यावेत, आणि जे या क्षेत्रात आहेत त्यांनी वर्षातले चार रविवार येथे यावे. अभियांत्रिकीला गेलेल्या आपल्या मुलांचे अहवाल तपासायला माणसे हवी आहेत. तंत्र येत नसले तरी चालेल. 'हे तुला कशावरून कळले?' एवढे विचारता आले, तरी पुरे.

नमो बुद्धाय. जय भीम.